‘खाल्लीस’मधला ‘स’ कुणाचा?

शाळेत विभक्तीचा तक्ता घोकून घेतला जातो. द्वितीया : स, ला, ते – स, ला, ना, ते. एक ओळ सोडून चतुर्थी येते आणि तीही तीच : स, ला, ते – स, ला, ना, ते. प्रत्यय तेच, तर विभक्ती दोन कशा, असं एखादं मूल विचारतं. प्रश्न अगदी रास्त आहे. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही रूपं निराळी, म्हणून तिथे दोन विभक्ती हव्यातच. मराठीत ‘रामाला पाहिलं’ आणि ‘रामाला दिलं’ यांतलं रूप एकच आहे. भाषा बदलली, तक्ता तोच राहिला.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा ते जेमतेम बाविशीचे होते. त्यांच्यासमोर नमुने होते ते संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांचे. त्यांतल्या संज्ञा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या संज्ञांपाशीच थांबणं ही मात्र नंतरच्या पिढ्यांची चूक आहे.

आई मुलाला विचारते, ‘तू पोळी खाल्लीस?’ इथली ‘ली’ पोळीमुळे आली. आंबा असता तर ‘खाल्लास’ झालं असतं. शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’चा. कर्तरी म्हणावं तर लिंग कर्माचं, कर्मणी म्हणावं तर पुरुष कर्त्याचा! व्याकरणकारांना यासाठी ‘कर्तृकर्मसंकर’ अशी जोडसंज्ञा घडवावी लागली. ‘संकर’ म्हटलं की दोन शुद्ध गोष्टींची सरमिसळ डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ही मराठीची स्वतःची, नेटकी रीत आहे. शहरांत आता ‘तू पोळी खाल्ली’ असंही सर्रास ऐकू येतं. हा बदल डोळ्यांदेखत होतो आहे आणि वर्गात त्याचा उल्लेखही होत नाही.

‘आपण’चंही तसंच. ‘आम्ही जेवायला निघालो’ हे ऐकून पाहुणा जागीच थांबतो; ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की चपला घालतो. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद इंग्रजीच्या ‘वुई’त नाही. भाषाशास्त्रात त्याला समावेशक आणि व्यावर्तक अशी नावं आहेत. शालेय व्याकरणात ‘आपण’ भेटतं ते मुख्यतः आत्मवाचक सर्वनाम म्हणून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तो आनंद वर्गापर्यंत पोहोचवायचा असेल, तर व्याकरणाचा तास कानापासून सुरू व्हायला हवा. फळ्यावर तीन वाक्यं लिहावीत : तू आंबा खाल्लास, तू पोळी खाल्लीस, तू केळं खाल्लंस. कुठलं अक्षर कुणामुळे बदललं, ते मुलांना शोधू द्यावं. संज्ञा शेवटी सांगावी, ‘हे तुम्हीच ओळखलंत’ असं म्हणून. त्या ‘ओळखलंत’मधला ‘त’ कुणाचा, हे कुणीतरी लगेच विचारेल.