शॉकअपचे तेल

अब्बांच्या जुन्या मोटारसायकलवरून आम्ही मुलीला शाळेत सोडतो. द्वारका चौकात हँडल दणके देऊ लागले. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेलही ओघळलेले दिसले. मागच्या वर्षी नुसते ऑइल सील बदलून आम्ही पैसे वाचवले होते. या वेळी भद्रकालीतल्या मिस्त्रींनी पाइपवरून नख फिरवायला सांगितले. गंजाच्या खाचेत ते अडकले. असा पाइप नवे सीलही कापतो, आणि तेल ब्रेकपर्यंत पोचले तर ब्रेक नीट लागत नाही. अखेर दोन्ही पाइप व सील बदलले, तेलही दोन्हीकडे सारखेच मोजून भरले. तुमच्याही मागे लेकरू बसत असेल, तर आजच नख फिरवून पाहा. अडकले, तर नुसत्या सीलवर भागवू नका.