गिलावा पातळ असेल तर...

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन. "मामा, कुवेतमध्ये लायपोसक्शन चांगलं करतात म्हणे. सुट्टीत येऊन करून घेऊ का?" पोरीचं वजन ४८ किलो! लग्नाआधी मांडीवरचा जरासा फुगवटा घालवायचा आहे, एवढंच.

इथे सालमियात 'शफ्त अल-दुहून'च्या, म्हणजे चरबी शोषून काढण्याच्या जाहिराती मीही पाहतो. पण मी पडलो सिव्हिलवाला. तिला भिंतीचं उदाहरण दिलं. जाड गिलावा दोन मिलिमीटर कमीजास्त खरवडला तर कळत नाही. पातळ असेल तर तेवढ्यानेच विटा दिसायला लागतात. चरबीचंही तसंच. इलूझ या फ्रेंच सर्जनने १९७७ च्या सुमारास बोथट नळीची पद्धत आणली. यंत्रं पुढे सुधारली, तरी कुठून किती काढायचं हा अंदाज अजून सर्जनच्या हाताचाच. बारीक अंगात तो थोडा चुकला, किंवा नळी कातडीच्या फार जवळून फिरली, की खड्डे नाहीतर लाटा उमटतात.

शिवाय सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात. खरा निकाल दिसेल तेव्हा भाची पुण्यात, डॉक्टर इथे! खड्डा भरायचा तर बहुधा स्वतःचीच चरबी दुसरीकडून काढून भरतात. बारीक माणसाने ती आणायची कुठून?

माझं मत विचाराल तर, "तुझ्याकडे काढण्यासारखं काही नाही" असं सांगून परत पाठवतो तोच डॉक्टर चांगला.

भाची रुसली आहे. असो. रुसवा निघतो, खड्डा निघेलच असं नाही.