‘शॉर्ट सर्किट’ नावाच्या आरोपीला कधीच अटक का होत नाही?

राजेहो, आपल्याकडे आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आरोपी ठरलेला असतो. दुकान जळो, गोठा जळो, नाहीतर दवाखाना. "प्राथमिक अंदाजानुसार शॉर्ट सर्किटमुळे." झालं! पंचनामा झाला, फाईल कपाटात. शॉर्ट सर्किटला ना आधार कार्ड, ना पत्ता, ना जामीनदार. गुन्हा दाखल करायचा कोणावर?

९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवा. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांचा कक्ष. दहा लेकरं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. दोन्ही वेळी पहिल्या दिवशी कानावर आला तो हाच शब्द.

माझं म्हणणं सरळ आहे. शॉर्ट सर्किट हा बहुतेक वेळा शेवटचा अंक असतो. आधीचे अंक कोणी विचारतच नाही. दोन तारा एकमेकींना चिकटल्या कशा? मधलं प्लास्टिक गेलं कुठं? ते वितळलं, कडक होऊन तडकलं, नाहीतर उंदरानं खाल्लं. उंदीर सोडून द्या, पण वितळणं आणि तडकणं हे कुणाच्या तरी खरेदीचा परिणाम असतो. कुणीतरी पातळ वायर घेतली, कुणीतरी ती विकली आणि कुणीतरी बिलावर सही केली. या तिघांची नावं पंचनाम्यात कधी वाचलीत?

आता थोडं वायरीबद्दल बोलू. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

दुकानात गेलं की ऐकायला मिळतं, "भाऊ, अकराशे व्होल्टची वायर आहे, काही होत नाही." हे वाक्य म्हणजे निव्वळ धूळफेक. ११०० व्होल्ट हा आकडा फक्त वरच्या आवरणाची ताकद सांगतो, किती दाबापर्यंत वीज बाहेर फुटणार नाही एवढंच. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, त्यामुळे त्या बाबतीत वायर पासच आहे. पण लोड किती झेलेल याचा त्या आकड्याशी काहीएक संबंध नाही. लोड ठरतो आतल्या तांब्याच्या जाडीवर. ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक वायर साधारण ६-७ अ‍ॅम्पिअर झेलते, १.५ ची १४ च्या आसपास, २.५ ची १८-१९. दोन हजार वॅटची शेगडी, हीटर किंवा गिझर ८.७ अ‍ॅम्पिअर ओढतो. भागाकार करून बघा, २००० भागिले २३०.

आता मांडवाकडे या. लग्न असो, गणपती असो, नाहीतर साहेबांची सभा. वायर कुठली? बाजारात जिला १४/७६ म्हणतात ती. चौदा बारीक तारा, सगळ्या मिळून जेमतेम ०.४ चौरस मिलिमीटर. ही चारेक अ‍ॅम्पिअरच्या वर जायच्या लायकीची नाही. तिच्यावर पाचशे वॅटचे चार हॅलोजन टांगतात. म्हणजे दुपटीहून जास्त करंट. आणि इथं खरी मेख आहे. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. वरून मांडवाचा कापडी पडदा त्याच वायरीला सुतळीनं बांधलेला. मग म्हणायचं शॉर्ट सर्किट!

दुसरी गोष्ट तापमानाची. ही तर आपल्या विदर्भात सगळ्यात आधी विचारायला हवी. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश, म्हणजे आतला तांब्याचा गाभा त्याहून जास्त तापता कामा नये. ‘एचआर’ लिहिलेली पीव्हीसी ८५ पर्यंत जाते, एक्सएलपीई ९० पर्यंत, सिलिकॉन रबर १८० पर्यंत. कंपन्यांच्या तक्त्यात जे अ‍ॅम्पिअर लिहिलेले असतात ते बाहेरची हवा ४० अंश धरून. चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच ४५-४६ होतात. पत्र्याखाली, माळ्यावर, टपरीत ५० धरा. म्हणजे वायरीला तापायला ३० अंशांची मोकळीक होती ती २० वर आली. हिशेब केला तर १४ अ‍ॅम्पिअरची वायर साडेअकरावर येते. मर्यादेच्या वर दर आठ-दहा अंशांना आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून "दहा वर्षं चालली, काही झालं नाही" याचा अर्थ वायर चांगली आहे असा होत नाही. ती रोज थोडीथोडी मरते आहे असाही होऊ शकतो.

जुन्या इस्त्रीची वायर आठवते? वर सुती विणकाम, आत रबर. आजोबांच्या काळातल्या लोकांना कळत होतं की तापलेल्या तव्याला प्लास्टिक लागलं की संपलं. आज त्याच इस्त्रीला दुरुस्तीवाला साधी पीव्हीसी जोडून देतो आणि आपण घेतो. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनचंही तेच. वेटोळ्यात उष्णता बाहेर पडत नाही, आतला वेढा आधी मऊ होतो. जास्त लोड लावायचा तर पूर्ण उलगडा.

तिसरी गोष्ट धातूची. वरून तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम, अशी वायर ‘कॉपर’ म्हणून सर्रास खपते. अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. चाकूनं खरवडून बघा, आतून पांढरं निघालं तर फसलात. अशी तार वाकवली की तुटते, स्क्रूखाली सैल होते, आणि सैल जोड तापतो.

लोक म्हणतात, "एमसीबी आहे ना!" आहे. पण ती भिंतीतल्या वायरीची राखणदार आहे. १६ अ‍ॅम्पिअरची एमसीबी तुमच्या ०.७५ च्या कॉर्डमधून १२ अ‍ॅम्पिअर जाताना शांत बसणार, कारण तिच्या हिशेबानं सगळं ठीक आहे. इंग्लंडमध्ये प्लगच्या आतच फ्यूज असतो. आपल्या प्लगमध्ये नसतो. म्हणजे कॉर्डची राखण आपल्यालाच करायची आहे.

आणि कूलर! लोखंडी पेटी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि जोडायला दोन तारांची वायर. तिसरी, अर्थिंगची तार कुठं गेली? पैसे वाचवायला गाळली, नाहीतर तीन पिनांचा प्लग दोनच्या बोर्डात बसत नव्हता म्हणून पिनच तोडली. खिडकीबाहेर लटकणारी पीव्हीसी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. दरवर्षी आपल्या भागात कूलरच्या शॉकनं माणसं मरतात, बहुतेक वेळा घरातलीच बाई किंवा पोरगं. महावितरण दरवर्षी आवाहन काढते. आवाहनानं अर्थिंग येत नाही.

आता काही जण म्हणतील, "गरिबाला महाग वायर परवडत नाही, तुम्हाला काय जातं बोलायला." मान्य, गरीब माणूस स्वस्त घेतो. पण स्वस्तात खोटं विकायचा परवाना कुणी दिला? घरगुती पीव्हीसी वायरीला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, २००३ च्या केंद्राच्या आदेशापासून. बिनमार्क वायर विकणं हा गुन्हा आहे, ग्राहकाची हौस नव्हे. बाजारपेठेत भर दिवसा हा माल टांगलेला असतो. तपासणी कुणी करायची? गरिबानं?

आणि सरकारी इमारतीत कोण गरीब आहे? शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, तहसील. अंदाजपत्रकात ‘आयएसआय’ लिहायचं आणि टेबलाखाली एकावर एक तीन एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळत ठेवायचे. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम दिलं की जबाबदारी संपली, असं चालणार नाही. पीव्हीसी जळताना काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराईड सोडते. जिथं माणसं पळू शकत नाहीत, तिथं कमी धुराची, हॅलोजनविरहित वायर मागणं हे चोचले नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो:

१) आगीच्या पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ एवढंच लिहू नका. वायरीची जाडी, तिच्यावरचा छाप, तिच्यावरचा लोड आणि ती बसवणाऱ्याचं नाव लिहा. विद्युत निरीक्षकांचा अहवाल लोकांसाठी खुला करा.

२) मांडवाच्या परवानगीसोबत वायरीची तपासणी करा. परवानाधारक वायरमनची सही असल्याशिवाय वीजजोडणी नको.

३) शाळा-दवाखान्यांतले एक्स्टेन्शन बोर्ड मोजा. जिथं बोर्ड आहे, तिथं मुळात पॉइंट कमी आहे. पॉइंट द्या.

४) उन्हाळ्याआधी बाजारपेठेत बिनमार्क वायरीवर धाड टाका. एकदा तरी.

आपणही एक करायचं. वायर घेताना छाप वाचा: कंपनीचं नाव, आयएस ६९४, व्होल्टेज, आयएसआय मार्क आणि ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो, तक्रारही तिथंच करता येते. दुकानदार म्हणाला "छाप पुसला असेल", तर वायर त्याच्याच दुकानात ठेवून या.

तुमच्या गावच्या शाळेत, दवाखान्यात, समाजभवनात अशी वायर दिसली तर फोटो काढून खाली टाका. माणसाचा नको, वायरीचा. सगळे फोटो एकत्र करून निवेदनाला जोडू. उद्या काही झालं तर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय कुणालाच राहू नये.