आधी विचारा, मग खोदा

आपल्या शहरांत बागेचे 'सुशोभीकरण' बहुधा एकाच पद्धतीने सुरू होते. एके सकाळी नेहमीची मंडळी फिरायला जातात, तर फाटकावर पत्रे ठोकलेले. आत खडीचे ढीग, बाहेर कंत्राटदाराची पाटी. किती दिवस बाग बंद राहणार, आत काय होणार, हे पहारेकऱ्यालाही ठाऊक नसते. काही महिन्यांनी पत्रे निघतात. जुन्या लाकडी बाकांच्या जागी चकचकीत पोलादी बाक येतात, मातीच्या वाटेवर रंगीत पेव्हर ब्लॉक बसतात, मधोमध एक कारंजे उडू लागते आणि प्रवेशद्वारावर बागेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत उद्घाटकांची नावे झळकतात. पुढच्या उन्हाळ्यात ते बाक इतके तापतात की त्यावर कोणी बसत नाही. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांचे फिरणे बंद होते. कारंज्याचा पंप केव्हातरी बिघडतो, तो बिघडलेलाच राहतो.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू असतो असे मानण्याचे कारण नाही. पैसा खर्च झालेला असतो, अभियंत्याने आपले काम केलेले असते, नगरसेवकालाही वॉर्डासाठी काहीतरी करून दाखवायचे असते. राहून गेलेली गोष्ट एकच. त्या बागेत रोज येणाऱ्या माणसांना कोणी काही विचारलेले नसते. विचारले असते तर दुपारी सावली कोणत्या कोपऱ्यात असते, पाणी कुठे तुंबते, मुले कोणत्या झाडाखाली खेळतात आणि दिवेलागणीनंतर बायका कोणती वाट टाळतात, हे सगळे तासाभरात आणि फुकट कळले असते.

आता कोणी म्हणेल, विचारण्याची सोय कायद्यात आहेच की! महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६चा. त्यानुसार शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की नागरिकांना हरकती व सूचना मांडता येतात, त्यांची सुनावणी होते. पण ही सोय येते ती आराखडा तयार झाल्यावर. जेवण शिजून पानात वाढल्यावर 'तुम्हाला काय आवडते?' असे विचारावे, तसा हा प्रकार. मुंबईने याचा धडा २०१५ साली चांगलाच घेतला. त्या वर्षी फेब्रुवारीत पुढील वीस वर्षांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडून पाहिला. कुठे वारसा वास्तू नकाशातून गळलेल्या, कुठे उभ्या इमारतींवरून रस्ता गेलेला! हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्येच राज्य सरकारला तो आराखडा दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला. सुधारलेला आराखडा मंजूर व्हायला २०१८ साल उजाडले. गल्लीतल्या माणसाला जी चूक एका नजरेत दिसली ती कार्यालयातल्या तज्ज्ञांना दिसली नव्हती, कारण त्या गल्लीतून रोज चालण्याचे काम तज्ज्ञांचे नव्हते.

मैदान आणि पाट्या

उलट, जिथे शेजारपाजारच्या लोकांनी आधी हात घातला तिथे काय घडू शकते याचेही दाखले मुंबईतच आहेत. ओव्हल मैदान घ्या. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची व्हिक्टोरियन गॉथिक रांग. पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या गोलसर सज्जांच्या इमारती. आणि मधे सुमारे बावीस एकरांचे हिरवे मैदान. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या मैदानाची रया गेली होती. कचरा, गर्दुल्ले, अंधार. आसपासच्या रहिवाशांनी ओव्हल-कूपरेज रेसिडेंट्स असोसिएशनच्या वतीने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला आणि त्याच दशकात मैदानाची देखभालही आपल्याकडे घेतली. मैदान पुन्हा खेळाडूंचे आणि फिरायला येणाऱ्यांचे झाले. पुढे जून २०१८ मध्ये मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यामागे नागरिकांच्या संस्थांचे आणि वास्तुविशारदांचे दीर्घ प्रयत्न होते. मधले मैदान उकिरडा राहिले असते तर दोन्ही बाजूंच्या इमारतींचा थाट कोणाच्या डोळ्यांत भरला असता?

दुसरा दाखला दादाभाई नौरोजी मार्गाचा, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडचा. या रस्त्याचे वैभव म्हणजे इमारतींच्या तळमजल्यावरच्या कमानी आणि त्यांच्या सावलीतून जाणारा पदपथ. कालांतराने दुकानांच्या पाट्यांनी या कमानी पार झाकून टाकल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आभा नारायण लांबा या वास्तुविशारद तरुणीने या रस्त्याचा अभ्यास करून पाट्या कुठे व केवढ्या असाव्यात याचे नियम आखले. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली होती, तेव्हा नोटिसा धाडून आणि दंड ठोकूनही हे काम करता आले असते. पण त्याऐवजी दुकानदारांशी बोलण्याचा मार्ग धरला गेला. पाटी कमानीच्या आत बसवली तर कमानही दिसते आणि दुकानही, हे पटल्यावर दुकानदार पुढे आले, रस्त्याची काळजी घेण्यासाठी त्यांची आणि तिथल्या इतर मंडळींची संघटनाही उभी राहिली. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांमध्ये या प्रयत्नाची दखल घेतली गेली. विशेष असे की, यात कोणतीही नवी वास्तू उभारायची नव्हती. होती ती दिसू द्यायची होती!

वारसा हवा, पण कोणाच्या खर्चाने?

इथवर सगळे गोड वाटते. पण लोकांना विचारायचे ठरवले की लोक 'नको' म्हणण्याचीही शक्यता असते, आणि खरी कसोटी तिथे लागते. दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण यासाठी समजून घेण्यासारखे आहे. महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केलेले हे मैदान आधी 'माहीम पार्क' होते. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. मैदानाला वेढणारा ठेंगणा कठडा म्हणजे मराठी माणसाचा तो सुप्रसिद्ध कट्टा. तिथे बसण्यासाठी ना तिकीट, ना वर्गणी. शाळकरी मुले, निवृत्त मंडळी, प्रेमिक, क्रिकेटची बॅग सांभाळत बसलेले आईबाप, सगळ्यांना तो पुरतो. या मैदानावर रहिवाशांचे प्रेम किती, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. सभांच्या भोंग्यांना कंटाळून ते न्यायालयात गेले आणि २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला.

आणि तरीही २०१२ साली वारसा यादी वाढवताना शिवाजी पार्कच्या भोवतालच्या इमारतींचा समावेश प्रस्तावित झाला तेव्हा याच रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. वारसाप्रेमींना हा विरोधाभास वाटला. पण तिसऱ्या मजल्यावर, गळक्या छताखाली, लिफ्टविना राहणाऱ्या सत्तरीतल्या बाईच्या जागी क्षणभर बसून पाहावे. तिच्या इमारतीला 'वारसा' म्हटल्याने तिचे छत गळायचे थांबत नाही. उलट पुनर्विकास अडेल, परवानग्या वाढतील, दुरुस्तीचा खर्च मात्र तिच्याच माथी, अशी तिला धास्ती वाटते. भाडेकरू असेल तर गोष्ट आणखी बिकट. नाममात्र भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही आणि मालकीची नाही म्हणून भाडेकरू करीत नाही. गिरगावची खोताची वाडी असो वा पुण्याच्या पेठांतले वाडे, लाकडी कठड्याचे फोटो काढायला सगळे येतात. वाळवी लागलेले वासे बदलायला कोणी येत नाही!

म्हणून लोकसहभाग या शब्दाचा अर्थ खर्चातही सहभाग असा असला पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंनी. शहराला ती इमारत हवी असेल तर शहराने दुरुस्तीचा वाटा उचलावा. मालमत्ता करात सवलत द्यावी, स्वस्त कर्ज द्यावे, जुन्या लाकूडकामाचे आणि चुन्याच्या गिलाव्याचे जाणकार सुतार-गवंडी मिळवून द्यावेत आणि परवानगीसाठी एकच खिडकी ठेवावी. एवढे केल्यावर रहिवाशाला 'राखाल का?' असे विचारण्याचा अधिकार शहराला येतो. तोवर त्याचा नकार हा अडाणीपणा नसून साधा हिशेब असतो.

'स्थानिक' म्हणजे कोण?

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. 'स्थानिक लोक' म्हणजे नेमके कोण? बैठक बोलावली की येतात ते सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी, सेवानिवृत्त अधिकारी आणि ज्यांना इंग्रजीतला नकाशा वाचता येतो असे लोक. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण बाग त्यांच्याइतकीच दुपारी डबा खायला टेकणाऱ्या घरकामाच्या बाईची असते, पलीकडच्या वस्तीतल्या मुलांची असते, फाटकाशी शेंगदाणे विकणाऱ्याची आणि तिथल्या माळ्याचीही असते. यांना बैठकीचे निमंत्रण जात नाही. मग ठराव होतात ते कुंपण उंच करण्याचे, दुपारी कुलूप लावण्याचे आणि चेंडू खेळण्यास मनाई करण्याचे. घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहत असलेल्या मुलाने मग खेळावे कुठे?

मुंबईत मोकळ्या जागा संस्थांना 'दत्तक' देण्याच्या धोरणावरून वाद पेटला तो याच मुद्द्यावर. काही मैदानांवर पूर्वी क्लब आणि जिमखाने उभे राहिले होते आणि सामान्यांना आत जायची चोरी झाली होती. २०१६ साली महापालिकेने मंजूर केलेले नवे धोरण नागरिकांच्या रोषामुळे मुख्यमंत्र्यांना स्थगित करावे लागले. ओव्हलसारखी देखभाल आणि असा कब्जा यांतली सीमारेषा बारीक आहे, पण ती ओळखायची खूण सोपी आहे. फाटक कोणासाठी उघडे आहे आणि हिशेब कोणाला दाखवला जातो, एवढे पाहावे.

करायचे काय?

कायद्याच्या पुस्तकात उणीव फारशी नाही. १९९२ सालच्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. पुढे २००९ साली महाराष्ट्राने मोहल्ल्याच्या पातळीवर क्षेत्रसभेचीही तरतूद केली. ग्रामसभेचे हे शहरी भावंड बहुतेक शहरांत कागदावरून उतरलेच नाही. त्यात मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होता, म्हणजे गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकही नव्हता. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू केली. त्यात पदपथ, बाक, दिवे अशी लहान कामे सुचवता येतात. पद्धत सदोष असेल, अर्ज करणारे थोडे असतील, पण खर्च ठरण्याआधी विचारण्याची निदान एक खिडकी उघडली, हे मोलाचे.

बागेच्या बाबतीत याहून सोपी शिस्त पाळता येईल. कागदावर रेघ ओढण्याआधी अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने त्या बागेत सकाळी, भरदुपारी आणि रात्री जाऊन बसावे. काय मोडायचे नाही, याची यादी आधी करावी. मोठी झाडे, जुना पार, पिण्याच्या पाण्याची पाणपोई या यादीत हवीत. मग नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत, बागेच्या फाटकावर महिनाभर लावावा आणि शेजारी खर्चाचा आकडा लिहावा. बैठक रविवारी आणि बागेतच घ्यावी, म्हणजे शेंगदाणेवालाही उभ्या-उभ्या आपले म्हणणे सांगेल. काम झाल्यावर पहिल्या वर्षीच्या देखभालीचे पैसे वेगळे ठेवावेत, कारण उद्घाटनाला सगळे असतात आणि पंप बिघडल्यावर कोणी नसते.

लोकांवरही यात जबाबदारी येते. 'पालिका काही करीत नाही' असे कट्ट्यावर बसून म्हणणे सोपे असते. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा ओला-सुका वेगळा करण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून पालिकेची गल्लीनिहाय व्यवस्थापनाची योजना आकाराला आली. त्यांनी हातात घेतलेले काम लहान होते, पण रोजचे होते. शेजारच्या बागेसाठी महिन्यातला एक रविवार देणारी दहा घरे मिळाली तर कोणत्याही वॉर्ड ऑफिसला त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे जड जाईल.

तेव्हा आज संध्याकाळी मुलांना घेऊन जवळच्या बागेत जाल, तेव्हा जरा सावकाश फिरा. कोणता दिवा बंद आहे, कोणत्या झाडाच्या बुंध्याला सिमेंटने आवळले आहे, कोणत्या बाकावर कोणीच बसत नाही, हे मुलांना टिपून ठेवायला सांगा. त्यांच्या नजरेतून मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले पुष्कळ काही निघेल. ती यादी सोमवारी वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोचपावती घ्या. पुढच्या वेळी पत्रे ठोकायला माणसे येतील, तेव्हा आत काय होणार आहे हे त्यांना विचारण्याचा हक्क त्या पोचपावतीने तुमच्या हातात दिलेला असेल.