वहीत माल, वहीबाहेर हमाल
नौपाड्यातील कचेरीत बसलेल्या व्यवस्थापकाला आज वागळे इस्टेटमधील उत्पादन, भिवंडीच्या गोदामातील साठा आणि ट्रकवर चढलेला माल एकाच संगणकप्रणालीत दिसू शकतो. कारखाना, गोदाम व वितरण हा एकच उद्योग असल्याची ही मालकवर्गाची कबुलीच होय! पण खोकी वाहणाऱ्या हमालाच्या मजुरीचा प्रश्न निघताच तो कंत्राटदाराचा माणूस ठरतो. मालक व हमाल दोघांची मंडळाकडे नोंदणी आणि मंडळामार्फत मजुरी, हा मार्ग महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याने १९६९ सालीच घालून दिला. प्रत्येक खोक्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्राला हमालाची नोंद जड का व्हावी? कार्यकर्त्यांनी गोदामागोदामांत हीच मागणी नेली पाहिजे : ज्याच्या वहीत माल, त्याच्याच वहीत हमाल!