एका बल्बाला कसला प्लॅन?

वाडीत नवी खोप उभी केली. वायर आणायच्या आधी वहीत तिचं चित्र काढत बसलो होतो. पॅनल कुठं, बॅटरी कुठं, बल्ब किती, वायर किती फूट. शेजारच्या वाडीतला एक तरुण वाकून बघतो आणि हसतो. "काका, एका बल्बाला कसला प्लॅन? मोटरच्या पेटीतून एक वायर ओढा, दुसरी जमिनीत खोचा. झालं!"

त्याला तिथं उत्तर दिलं नाही. आज देतोय, कारण हा सल्ला त्याचा एकट्याचा नाही. एडवणपासून दातिवऱ्यापर्यंत कुठल्याही वाडीत जा, निम्म्या खोपी अशाच पेटलेल्या दिसतील.

आपण भाताचं बी मोजून पेरतो. तोंडलीच्या मांडवाला बांबू किती लागणार ते पावसाच्या आधी ठरवतो. आणि जिथं रात्री झोपायचं, भिंत झावळ्यांची, वर ताडपत्री, कोपऱ्यात पेंढा आणि डिझेलचा डबा, तिथली वायर मात्र हाताला येईल ती. कुठल्यातरी जुन्या घरातली काढलेली, मध्ये तीन जोड, जोडावर टेपच्या जागी प्लास्टिकची पिशवी. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार, कारण 'सारखा उडतो'. अरे, उडतो म्हणजे काहीतरी सांगतोय ना तो!

पण सगळ्यात घातक तो जमिनीत खोचलेला खिळा, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलतो.

शेतीपंपाला तीन फेज येतात. मोटरीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो विहिरीपर्यंत आणलेलाच नसतो. बल्बाला तर एक फेज आणि न्यूट्रल हवा. मग लोक अर्थिंगच्या सळईलाच न्यूट्रल करतात. आपली किनाऱ्याची जमीन ओली, खारी. बल्ब मस्त पेटतो. तिथंच माणूस फसतो, पेटला म्हणजे बरोबर आहे असं वाटतं.

आता बघा काय होतं. सळईची वायर गंजून तुटली, की बल्बाच्या त्या बाजूला पूर्ण 230 व्होल्ट उभे राहतात. ती सळई मोटरीच्या अर्थिंगचीच असेल तर तोडलेल्या जागेच्या अलीकडचा मोटरीचा सांगाडा, लोखंडी पाईप, सगळं जिवंत. आणि तुटली नाही तरी सुटका नाही. कोणी थंडीत पाणी तापवायला 1000 वॅटची हीटरची सळई त्याच जोडणीवर लावली, आणि उन्हाळ्याकडे जमीन सुकून सळईचा रोध 50 ओहम झाला, तर निम्मा दाब, म्हणजे शंभराच्या वर व्होल्ट, त्या लोखंडावर येऊन बसतो. भोवती ओली माती आणि आपण अनवाणी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच वाडीत सात-आठ वर्षं असा बल्ब होता. मीच लावला होता. पाईपला हात लावला की मुंग्या यायच्या. गडी सांगायचा, मी म्हणायचो चप्पल घालून जा. एका पावसाळ्यात त्याचा पोरगा बाप कुठं आहे बघायला आला आणि पाईपला चिकटला. बापाने कोरड्या बांबूने त्याला मारून सोडवला. पोरगा वाचला, तळव्याची कातडी गेली. मला त्या दिवशी कोणी एक शब्द बोललं नाही, ते जास्त लागलं.

"अर्थिंग चांगलं केलंय ना, मग भीती कसली?" असं म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशोब. सांगाड्याला फेज लागली. जमिनीचा रोध 50 ओहम. 230 ला 50 ने भागा, साडेचार अँपिअर येतात. 10 अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी साडेचारला का म्हणून पडेल? तो शांत बसतो आणि सांगाडा जिवंत राहतो. तारा तापू नयेत म्हणून एमसीबी असतो. माणसासाठी वेगळी वस्तू आहे, तिचं नाव आरसीसीबी, 30 मिलिअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात तेवढा फरक पडला की ती क्षणात तोडते.

आणि गंमत बघा. जमिनीवर पेटवलेल्या बल्बाचा करंट त्या आरसीसीबीतून परत येतच नाही, मातीतून जातो. थोडा भार वाढला की ती पडणारच. मग आपले हुशार लोक काय करतात? बल्ब काढत नाहीत, आरसीसीबी काढतात! वर म्हणतात, माल खराब निघाला.

"वीस वर्षं असंच चाललंय" हेही ऐकून झालं. वीस वर्षांत किती कुत्री, किती वासरं पाईपपाशी मेलेली सापडली आणि आपण 'सर्प डसला' म्हणून पुरली, ते आठवा जरा. 1969 साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र याच पट्ट्यात, वर तारापूरला सुरू झालं. पन्नासहून जास्त वर्षं वीज आपल्या शेजारी तयार होते आणि आपण अजून खिळा खोचतोय.

कृषी अधिकारी आणि सल्लागार मंडळींनाही एक सांगायचंय. तुम्ही बांधावर येता, पानावरचा डाग बघता, ठिबकचं वेळापत्रक देता. दोन मिनिटं मोटरच्या पेटीचं झाकण उघडून बघा. पाणी सोडायला रात्री जो माणूस जाणार आहे तो जिवंत परत येणं हाही त्या वेळापत्रकाचाच भाग आहे.

आता माझ्या वहीतलं. खोपीला मी मोटरच्या लाइनपासून पूर्ण तोडलंय, 12 व्होल्टवर. 9 वॅटचे दोन बल्ब 5 तास, म्हणजे 90. पंखा 20 वॅटचा 8 तास, 160. मोबाइल 10 वॅट 3 तास, 30. एकूण 280 वॅट-तास. 12 ने भागलं की साधारण 23 अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून 47. दोन रात्री ऊन नसताना काढायच्या, म्हणून 100 ची घेतली. पॅनल 150 वॅटचं. आषाढात तेही पुरणार नाही, तेव्हा पंखा बंद.

पण 12 व्होल्ट म्हणजे काहीही चालतं असं समजू नका. पहिला विचार होता बॅटरी मोटरघरात ठेवून शंभर फूट वायर ओढायचा. दीड एमएमच्या वायरीत जाऊन-येऊन 0.73 ओहम भरतात. सगळं चालू असताना 4 अँपिअर, म्हणजे जवळजवळ 3 व्होल्ट वाटेतच गेले. खोपीत 9 उरले, पंखा काय डोंबल फिरणार? म्हणून बॅटरी खोपीलाच लागून बाहेर, हवेशीर पेटीत, अडीच एमएमची पंधरा फूट वायर. तूट पाव व्होल्टवर आली. हिशोब वहीत झाला म्हणून शंभर फुटाचे पैसे वाचले.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभरावर 10 अँपिअरचा फ्यूज. हा नसेल आणि वायर कुरतडली गेली, तर बॅटरी शेकडो अँपिअर फेकते आणि झावळी पेटायला एवढं पुरे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून चूल आणि बिडी दोन्ही लांब. आणि आपली खारी हवा! साधं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते, थोडी महाग, पण तीच घ्या. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडू नका, तो जोड आतून खातो.

किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या भावांच्या खोपट्यांनाही हेच सगळं लागू, तिथं खार आणखी जास्त. अमेरिका-कॅनडात लोक गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटं ठेवून बर्फाला भोक पाडून मासे धरतात. त्यांच्याकडेही बॅटरी, बल्ब, पंखा एवढंच सामान. तिथली माणसं शॉकपेक्षा बंद खोपटातल्या शेगडीच्या आणि जनरेटरच्या धुराला जास्त भितात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पावसात चारी बाजूंनी ताडपत्री ओढून आत कोळशाची शेगडी ठेवणारे आपल्याकडे कमी आहेत का?

मोटरीची लाइन परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतली. पेटीत चार पोलची आरसीसीबी बसवली, तिला 'टेस्ट'चं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. परवा दाबलं, पडली नाही. उघडली तर आत पालीची अंडी आणि मिठाचा पांढरा थर. नवी आणलीय, उद्या बसवतो. तोपर्यंत मोटर बंद, तोंडली एक दिवस तहानलेली राहील.