साताऱ्याहून हायडेलबर्गला
१९०९ साली साताऱ्यात जन्मलेल्या रामचंद्र नारायण दांडेकरांनी हायडेलबर्ग विद्यापीठात अध्ययन करून १९३८ साली वेदकालीन मानवाविषयीचा आपला प्रबंध जर्मन भाषेतच प्रसिद्ध केला, आणि पुढे १९४६पासून खंडशः निघालेल्या आपल्या वैदिक ग्रंथसूचीत, जर्मन पंडितांच्या विपुल संशोधनासह, देशोदेशीच्या विखुरलेल्या वेदविषयक लेखनाची नोंद अभ्यासकांस एकत्र उपलब्ध करून दिली, हे त्यांच्याच मुलखातील विद्यार्थ्यांच्या कानी पडावयास हवे. जर्मन शिकावयाची ती केवळ कारखान्यातील नोकरीकरिता, हा समज मला फार खुजा वाटतो. शाकुंतलावर लुब्ध झालेला जर्मन कवी गटे मूळ भाषेत वाचण्याचा हक्क कृष्णाकाठच्या मुलामुलींचाही आहे. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी जर्मन वाङ्मय व संस्कृतीचा पदवीपर्यंतचा अभ्यासक्रम निष्ठेने चालवावा, अशी संस्थाचालकांस माझी आग्रहाची विनंती आहे.